सोजरबाईंची गोळी

सदाशिव पेठेतल्या कॅन्सरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर मांजरी गावच्या सोजरबाई आणि त्यांची सून शेफाली नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या.

"शेफाली, ऑपरेशन झालं, गाठ गेली. मग ही गोळी आणिक कशापायी?"

"ती बंद करायची नाही, आई. पाच वर्षं घ्यायचीय."

"अंगातनं वाफा निघत्यात माझ्या."

"ते सांगू डॉक्टरांना. पण गोळी काय करते ते ऐका. बायकांच्या अंगात हार्मोन असतं ना, ते तुमच्या कॅन्सरच्या पेशीत शिरून आतली जनुकं चालू करत होतं. मग पेशी वाढतच सुटते."

"आन् गोळी?"

"हार्मोन जिथं चिकटतं, ती जागाच गोळी अडवून धरते. मग वाढायला सांगणारी जनुकं गप्प बसतात. एखादी पेशी मागं राहिली असेल, तरी तिला वाढायचा हुकूम मिळत नाही."

"म्हंजी माझ्याच अंगातलं, आन् माझ्यावरच उलटलं. बरं, घेते."

"नक्की?"

"तू म्हणतीस म्हणून. माझा हात मोडला नसता, तर तू मला न्हाऊ घातलं नसतंस, आन् छातीतली गाठ कुणाला कळलीच नसती. रोज सकाळी मी ह्या हाताला नमस्कार करते."

"हाताला कसला नमस्कार, आई?"

"मग तुला करू? करू देशील?"

"सासू कधी सुनेला नमस्कार करते का?"

"म्हणून तर हाताला करते."