एका दमात पुण्यापर्यंत

(मळवलीजवळच्या भाजे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतलं आरोग्य उपकेंद्र. रविवार, सकाळचे आठ.)

स्नेहल : मावशी, थांबा! ती गोळी घेऊ नका. परत आत या.

रतनबाई : आता काय? तूच म्हनलीस ना, गॅस झालाय, गोळी घ्या नि पडून ऱ्हावा.

स्नेहल : म्हणाले. चुकलं माझं. रात्री कुठं झोपला होतात?

कैलास : पडवीत, खालीच. आईला लय उकडत हुतं. का वो सिस्टर? तुमचं तोंड का उतरलं?

स्नेहल : मावशी, वर बघा. पापण्या उचला. अजून.

रतनबाई : उचलत्यात कुटं. झोप न्हाई झाली, जड झाल्यात.

स्नेहल : रात्री काही चावलं?

रतनबाई : पहाटं मुंगी चावल्यावानी झालं हुतं. सूज न्हाई, आग न्हाई. पोट तेवढं दुकतंय.

स्नेहल : कैलासदादा, एकशे आठला फोन लावा. मण्यार चावलीय म्हणून सांगा.

कैलास : साप? अवो, दातसुदिक उमटला न्हाई कुटं!

स्नेहल : मण्यारीचा बहुतेक दिसतच नाही. लावा फोन! मावशी, एका दमात आकडे म्हणा, श्वास किती पुरतो बघू. एक, दोन, तीन...

रतनबाई : इसाच्या म्होरं माझा घोळ हुतो. ठेसनं म्हनू का? वीस वर्सं गाडीत करवंदं इकली मी.

स्नेहल : म्हणा. मध्ये श्वास नाही घ्यायचा.

रतनबाई : लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड... सपला दम.

स्नेहल : चिंचवड. आठ वाजून दहा. तुमच्या हातावर लिहून ठेवते.

रतनबाई : ही सवय जीनत शिस्टरची. तिच्या हाताखाली शिकलीस व्हय?

स्नेहल : सहा महिने. रोज सांगायच्या, खाली झोपलेला माणूस सकाळी पोट दुखतंय म्हणाला, तर आधी पापण्या बघ. त्यांनी एकाला गोळी देऊन घरी पाठवलं होतं. तो गेला. नाव कधी नाही सांगितलं.

रतनबाई : श्रीपती. माझं मालक.

कैलास : आई, आता कशाला ते? सिस्टर, एकशे आठची गाडी मळवलीच्या फाटकाशी अडकलीय. फिरायला आलेल्यांनी रस्ता भरलाय. अर्धा तास म्हनत्यात.

स्नेहल : मावशी... तरी तुम्ही त्यांच्याकडं येत राहिलात?

रतनबाई : तिसऱ्या दिशी ती दारात यून बसली. माझ्याकडनं चुकलं म्हनली. कुनी म्हनतं का असं? नव्या पोरींना रोज सांगीन म्हनली... पोरी, मला लय भ्या वाटतंय.

स्नेहल : मलाही वाटतंय. परत म्हणा.

रतनबाई : लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे... वडगाव...

स्नेहल : वडगाव. आठ पंचवीस.

कैलास : मगाशी चिंचवडपातूर गेलती! सिस्टर, मरंल का वो ती?

स्नेहल : श्वास बंद पडेल. तो आपण चालू ठेवायचा. कपाटात वरच्या फळीवर मास्क लावलेला रबरी फुगा आहे, तो आणा. आणि फाटकाशी कुणी ओळखीचं असेल तर सांगा, गाड्या बाजूला काढायला लावा.

कैलास : हा घ्या. फाटकाजवळच्या एका वळखीच्याला फोन बी केलाय.

स्नेहल : बरं केलंत. मास्क मी नाकातोंडावर घट्ट धरते.

रतनबाई : लोणा... वळा. मळ...

कैलास : आई! आई, म्होरं बोल की!

स्नेहल : ओरडू नका. त्यांना सगळं ऐकू येतंय, कळतंयसुद्धा. फक्त बोलता येत नाहीये.

कैलास : मग आता काय करायचं?

स्नेहल : जीनत सिस्टर म्हणायच्या, पेशंटचं थांबलं की आपलं सुरू. तुम्ही स्टेशनं म्हणा, सावकाश. एका स्टेशनाला मी एकदा फुगा दाबणार. पुणं आलं की परत लोणावळ्यापासून. गाडीतही, दवाखाना येईपर्यंत.

कैलास : लोणावळा...

स्नेहल : मोठ्यानं.

कैलास : मळवली... सिस्टर, छाती वर आली! आली बगा!

स्नेहल : थांबू नका.

कैलास : कामशेत...

स्नेहल : मावशी, ऐकताय ना? तुम्ही घरी आलात की मी दारात येऊन बसणार आहे. गोळी मी दिली होती.

कैलास : कान्हे...