किरण काही डळमळेना

(जर्मनीतलं येना शहर, विद्यापीठातली लेझर प्रयोगशाळा. दुपारची कॉफी-केकची वेळ. हायड्रून ट्रॉब्सबाईंचा डॉक्टरेटचा प्रबंध लिहून झाला आहे. लिंडिग हे त्यांचे प्राध्यापक. झिलमान हे प्रसिद्धी खात्याचे, म्हणजे सगळं सोपं करून सांगण्यासाठी नेमलेले. इथे हेर म्हणजे श्रीयुत, फ्राउ म्हणजे श्रीमती.)

झिलमान : पण तुम्हीच म्हणालात, ताकद वाढली की मोडं बदलते.

ट्रॉब्स : प्रकाशाची मोडं. काचेच्या तंतूतून प्रकाश ज्या घाटात चालतो, तो घाट.

झिलमान : तुम्ही नुसतंच मोडं म्हणालात. आपल्या जर्मन भाषेत मोडं म्हणजे फॅशन.

ट्रॉब्स : आपल्याच भाषेत त्या घाटालाही मोडंच म्हणतात.

झिलमान : ते भाषेनं मला कळवलं नाही.

ट्रॉब्स : निमंत्रणात काय छापलंत?

झिलमान : ‘ताकदीपुढे न टिकणारी मोडं, प्रात्यक्षिकासह.’ अपोल्डा गावच्या स्वेटर विणणाऱ्या बायकांचं अख्खं मंडळ आलंय. बाहेर प्लमचा केक खातायत. एकीनं विचारलंसुद्धा, यंदा गळा बंद की उघडा.

ट्रॉब्स : आणि प्रोफेसर क्विरिंग?

झिलमान : ते हॅनोवरचे परीक्षक? त्यांच्यातच बसलेत. एक बाई त्यांच्या छातीचं माप घेत होत्या. गृहस्थ खुशीत दिसले.

ट्रॉब्स : माझा प्रबंध पास करायचा की नाही, ते ठरवायला आलेत ते.

झिलमान : मापावरून?

ट्रॉब्स : डळमळण्यावरून. माझा सगळा प्रबंध एका वाक्यावर उभा आहे : हा तंतू चार किलोवॅटला डळमळणारच. ते म्हणाले, एकदा डोळ्यांनी बघतो, मग सही करतो.

लिंडिग : झिलमान, दारातून आत व्हा आणि दार लावा. फ्राउ ट्रॉब्स, चालू करा बघू. पाहुण्यांच्या आधी रंगीत तालीम.

ट्रॉब्स : चष्मे लावा. हेर झिलमान, तुमचा नव्हे. तो, हिरव्या काचांचा.

झिलमान : किरण कुठंय?

ट्रॉब्स : तो दिसत नाही. पडद्यावर बघा, तो गोल ठिपका.

झिलमान : आणि हा नाचणार?

ट्रॉब्स : ताकद चढवली की तंतू तापतो. तापला की प्रकाश एका घाटात थांबत नाही, दुसऱ्यात उडी मारतो, परत येतो, पुन्हा जातो. ठिपक्याचे दोन तुकडे होऊन थरथरायला लागतात. मग त्यानं पोलाद कापायचं विसरा.

झिलमान : म्हणजे ताकद आहे, पण चित्त थाऱ्यावर नाही. आमच्या खात्यात एक होते असे.

लिंडिग : ते आता कुलसचिव आहेत. चढवा.

ट्रॉब्स : तीन. साडेतीन. चार.

झिलमान : नाचला?

ट्रॉब्स : नाही.

लिंडिग : तापू द्या जरा.

ट्रॉब्स : तापलाय. गोलच आहे.

लिंडिग : साडेचार करा.

ट्रॉब्स : गोल.

लिंडिग : पाच.

ट्रॉब्स : पाच. गोल. हेर प्रोफेसर, हा डळमळत का नाहीये?

लिंडिग : हा का डळमळतो म्हणून मी निम्मं आयुष्य रडलो. आता डळमळत नाही म्हणून रडू?

झिलमान : मी टाळ्या वाजवायच्या का?

लिंडिग : वाजवा.

ट्रॉब्स : वाजवू नका. कुणी काय बदललं?

लिंडिग : काहीच नाही. धूळ पुसताना तंतूचं वेटोळं जरा सरकवलं असेल मी.

ट्रॉब्स : घट्ट केलंत की सैल?

लिंडिग : आधी घट्ट. मग वाटलं, फार झालं, म्हणून सैल. मग फोन आला.

ट्रॉब्स : फोननंतर?

लिंडिग : फोननंतर मी दुसऱ्या बाजूनं पुसायला घेतलं.

झिलमान : घट्ट केल्यानं काय होतं?

ट्रॉब्स : वळण घट्ट असलं की तो दुसरा घाट बाहेर सांडून जातो. पण एवढ्याशानं एवढा फरक पडत नाही.

लिंडिग : कोण म्हणतं?

ट्रॉब्स : माझं गणित.

लिंडिग : मग गणितात काहीतरी...

ट्रॉब्स : असेल. किंवा तंतू थंड ठेवणारं पाणी जास्त गार असेल. किंवा दुसरंच काही. मला आत्ता काहीच कळत नाहीये.

झिलमान : मी एक सुचवू? ते वेटोळं थोडं सैल केलं तर डळमळेल?

ट्रॉब्स : बहुतेक.

झिलमान : मग करा की. परीक्षक सही करतील, बायकांना नाच बघायला मिळेल, आणि माझी निमंत्रणपत्रिका खरी ठरेल.

ट्रॉब्स : हेर प्रोफेसर?

लिंडिग : पाच किलोवॅट माझे, पदवी तुमची. मी खिडकीतून नदी बघतो.

ट्रॉब्स : इथून नदी दिसत नाही.

लिंडिग : म्हणून तर वेळ लागेल.

झिलमान : बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज येतोय. केक संपला असावा.

ट्रॉब्स : दार उघडा.

झिलमान : आणि वेटोळं?

ट्रॉब्स : आहे तसंच राहू दे.

लिंडिग : सही हुकली तर पुन्हा वर्षभर बसाल, ट्रॉब्स. नीट विचार केलात?

ट्रॉब्स : नाही. उघडा, हेर झिलमान. या, हेर प्रोफेसर क्विरिंग, आत या. तुम्हीपण या सगळ्याजणी, फक्त चष्मे लावा. क्विरिंगसाहेब, खुर्ची पडद्याजवळ घ्या. माझं एक वाक्य चुकलंय, आणि कसं चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.