डुकरिणीचा खुराक

सांगोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पूनम आपली शेळी घेऊन ओळीत बसली होती. पुढं केराबाई नावाची म्हातारी ओळखीच्या मालनला गाठून तावातावानं बोलत होती. केराबाईची पोटुशी सून मांडीवर शेंगदाणा पेंडीची पिशवी धरून शेजारीच बसलेली.

“डुकरिणीची समदी पिल्लं मेली बघ, मालन. उंदरावानी व्हती.”

“आगं बया! कशानं वो, मावशी?”

“म्याच तिचं खाणं तोडलं व्हतं. पिल्लू पोटात वाढलं की अडतं, म्हून. डाक्टर लई वरडला. गाभणीला उपाशी मारतीस व्हय, म्हनला. आता परत गाभण हाय, तर दोन्ही टायमाला पेंड घालते.”

“अन् सुनंला?”

“तिला अर्धी भाकरी.”

“आवो, आठवा लागलाय की तिला!”

“म्हून तर! पैल्या खेपंला बी अर्धीच दिली व्हती. कशी झटक्यात सुटली!”

“अन् प्वार?”

“ते कुटं जगलं?”

पूनमनं मान वळवून सुनेकडं पाहिलं. तिचा एक हात पेंडीच्या पिशवीत होता आणि तोंड हळूहळू हलत होतं.