मामांचा अर्धा कप

तुम्ही हसाल, पण जहाजावरचा चहा आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या माझ्या मामांचं डायलिसिस चालू आहे. पाणी असो की चहा, सगळं मोजून. जास्त झालं की श्वास कोंडतो. मामी होती तोवर त्यांच्या कपातला अर्धा चहा ती आपल्या बशीत ओतून घ्यायची. दिवाळीआधी ती गेली. दोघांनी ठरवलेली गोव्याच्या जहाजाची सहल मामांनी मग मला घेऊन केली, दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत.

वेटरनं काठोकाठ भरलेला कप ठेवला. अर्धा काढून घ्यायला मी रिकामा कप आणून बघतो, तर मामांचा आधीच अर्धा झालेला.

"मामा, तुमी प्यालात की."

"न्हाय रं. हात बी लावला न्हाय."

उरलेला अर्धा त्यांनी माझ्यासमोर प्यायला. पुढंही दर वेळी तसंच. मला वाटलं, मामा माझ्यादेखत जीव घालवणार.

सोलापुरात परत आल्यावर डायलिसिसच्या आधी तिथल्या नव्या सिस्टरनं त्यांना काट्यावर उभं केलं. जास्त प्यायलेलं तिथं लपत नाही. मी खाली मान घालून उभा होतो.

"वजन अगदी बरोबर आहे," सिस्टर म्हणाली. "कुणी सांभाळलं एवढं?"

"बायको होती की संगं," मामा म्हणाले.

सिस्टरनं माझ्या मागं दाराकडं पाहिलं.

"मग त्यांना बाहेर का उभं केलंय? आत बोलवा की."

मला वळून बघायचा धीर झाला नाही.