बारदानावरची बैठक

माझा बाप चांदवडच्या मार्केटात हमाल, आजा बी हमाल, तवा मी तरी दुसरीकडं कुठं जानार. मिसरूड फुटायच्या आधीच पाठीवर कांद्याची गोनी आली. आता मी केवढा हाय ते तुम्ही बघताच, उभा असलो तरी लोक म्हनतात जरा उभं राहून बोल. माय म्हनायची, ओझ्यानं माझं पोर खुजं राहिलं, बाप म्हनायचा, ओझ्याचा काय संबंध, तुझा भाऊ बघ केवढासा हाय. ते भांडन कधी मिटलं नाय आन माझी उंची काय वाढली नाय.

पन गाडीचं येड लय. मार्केटात ट्रक यायचे, माल भरून झाला की मी डायव्हर लोकांच्या मागंमागं, चहा आनून दे, काच पुसून दे, असं करत करत शिकलो, लायसन निघालं. आमचे आप्पा, म्हंजे ज्यांच्या खळ्यावर, कांदा निवडून भरायच्या शेडात, मी गोन्या उचलायचो ते कांद्याचे व्यापारी, त्यांनी पिकअप घेतली, जुनीच, तोंड जीपचं आन मागं माल टाकायला हौदा. मला म्हने, चालवशील का रे. काय सांगू तुम्हाला, पाठीवरची गोनी कोनी तरी अलगद उतरवून घेतल्यासारखं झालं.

आन आत बसलो तर पुढचं काय दिसंना. स्टेरिंगच्या वर नुसतं आभाळ. मान लांब केली की बोनेटचा शेंडा दिसायचा, त्याच्या पुढं रस्ता असंल असं धरून चालायचं. रस्त्यानं लोक थांबून बघायचे, म्हनायचे, गाडी तर आली, डायव्हर कुठं उतरला. हसायचे. मी बी हसायचो, काय करता.

बायकोनं, शांतानं, उशी आनून दिली, घ्या म्हने बुडाखाली. तेवढ्यात माय आली, अरे उशीवर बसतो का, गळवं होतील बुडाला, डोक्याची वस्तू डोक्यालाच ठेव. आता हे आम्ही लहानपनापासून ऐकलेलं, आमच्यात कोनी उशीवर बसत नाय, उशी गेली परत घरात. मंग मी मार्केटातलं बारदान घेतलं, म्हंजे रिकामी पोती, त्यांच्या घड्या करून एकावर एक टाकल्या आन वर बसलो. काय झ्याक दिसायला लागलं, पार लांबचं. पन सीटचं रेक्झिन गुळगुळीत, आन बारदानाला कांद्याची टरफलं चिकटलेली. हे काय माझ्या ध्यानात आलं नाय, कारन पोतं आमच्या पाठीवरून कधी घसरलं नाय ना, मला वाटलं बुडाखालून तरी कशाला घसरंल.

मालेगावला माल घेऊन चाललो व्हतो, राहूडचा घाट उतरत. शेजारी शांता, पोटुशी व्हती, तिला माहेरी सोडायचं व्हतं. वळनावर एकदम बैलगाडी आडवी. मी ब्रेक दाबला तसं बारदान सुटलं आन त्याच्यासंगं मी बी खाली, पार पेडलपर्यंत. हातात स्टेरिंग हाय पन डोळ्यापुढं रस्ता नाय. पाय तेवढा ब्रेकवरच अडकून राहिला म्हनून गाडी थांबली. शांता वरून बघती, म्हने, तुम्ही खाली काय शोधता. उतरून बघितलं तर बैलाचं शेपूट बोनेटला लागलेलं. मी तिथंच रस्त्याच्या कडंला बसलो.

ती गोष्ट गेली आप्पांच्या कानावर. आप्पा रागावले नाय, तेच वाईट. म्हने, बाबा, तुझा जीव जायचा आन दुसऱ्याचा बी. पोळ्यापर्यंत काय तरी सोय कर, नायतर मी दुसरा डायव्हर बघतो, तू ये परत खळ्यावर. खरं सांगतो, घाटात मरनाची भीती वाटली नसंल तेवढी त्या खळ्याची वाटली.

मंग मी एका वेल्डिंगवाल्याकडं गेलो. तो म्हने, सोपं हाय, सीटच्या पायांखाली लोखंडाचे तुकडे ठोकून जागच्या जागी वेल्डिंग मारतो. मशीन लावलं, तोंडापुढं काच धरली. घाटातल्या त्या दिवसानंतर शांता माहेरी गेलीच नव्हती, ती डबा घेऊन आलेली, तिचे दिवस तसले, वास लय यायचा तिला. नाकाला पदर लावून म्हने, आधी हा पेट्रोलचा वास कुठनं येतो ते बघा. बघतो तर काय, टाकी सीटच्याच खाली. एक ठिनगी पडली असती तर आज तुम्ही कोनाशी बोलला असता. वेल्डिंगवाला बी पांढराफटक पडला, म्हने जा बाबा घरी.

शेवटी माझा मावसभाऊ आठवला, भीमराव, सातपूरला कारखान्यात फिटर, पाळी सुटली की शेडमदी आपलं काम करायचा. त्यानं पहिल्यांदा सीट खोलून बाहेर काढली, गाडीत एक ठिनगी पाडली नाय. मला म्हने, दादा, तू नुसतं वर वर बघतो. वर गेला तर ब्रेक कोन दाबील, तुझा बाप? आधी पाय, मंग डोळे. मला बसवून चपलेसकट पाय ब्रेकवर पार तळाला दाबायला लावला, मांडी स्टेरिंगला घासते का बघितलं. मंग सीट जराशी पुढं घेतली, चारी पायांखाली जाड लोखंडी ठोकळे, त्यातून लांब बोल्ट पार तळपत्र्याच्या खाली, टाकी चुकवून, खालून रुंद पट्टी आन नटावर नट. पेडलांना बी ठोकळे, वर रबर. मी म्हनलं, अरे लाकडाचे बसव, स्वस्त पडतील. तो म्हने, लाकूड सुकतं, बोल्ट ढिला होतो, आन मंग वहिनी मला इचारतील. सगळं बसवल्यावर दोघं भाऊ सीटला धरून लोंबकळलो. हालली नाय.

तरी घाटात जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आप्पा मुद्दाम शेजारी येऊन बसले. उतारावर म्हने, मार ब्रेक. मारला. आप्पा पुढं काचेवर गेले आन मी जागच्या जागी, समोर रस्ता लख्ख. आप्पा कपाळ चोळत म्हने, झालं, चल आता. मला रडूच आलं, लपवलं बी नाय मी.

ती गाडी मी अजून चालवतो. आप्पांचा पोरगा ताडमाड, एकदा चालवायला बसला तर गुडघे स्टेरिंगला आन डोकं टपाला, उतरला बिचारा, म्हने काका, तुम्हीच बसा. भीमरावचं भलं होवो, त्याच्या पोराबाळांचं भलं होवो. परवा आमच्या पोरीला शाळेत बाईंनी इचारलं, तुझे वडील काय करतात, तर ही म्हने, बसून असतात. सगळा वर्ग हसला, पोरगी रडत घरी आली. मी म्हनलं, रडती कशाला, बरोबर सांगितलं तू. आपल्या घरात बसून पोट भरनारा मीच पहिला.