ढोल थांबवण्याबाबत

शिवणकामवाल्या ताई निवडून आल्या. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण आत्ता त्या अर्ज भरायच्या रांगेत आहेत. सूचकाची एक सही कमी आहे आणि खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं उरली आहेत. खिडकीतला कारकून टाचण्या मोजण्याचं सोंग करत ऐकतो आहे. ताईंच्या मागे त्यांच्याच प्रभागातले एक निवृत्त फौजी उभे आहेत.

“सही देतो. पण फौजेत होतीस का?”

“नाही काका. शिवणयंत्रावर होते.”

“पुढाऱ्यानं आधी फौजेत राहून यावं, असं माझं ठाम मत आहे.”

“तुम्ही काय करत होतात फौजेत?”

“ढोल वाजवायचो. बँडमध्ये. बावीस वर्षं.”

“अहो, ढोल तर सगळेच पुढारी बडवतात! स्वतःचा.”

“पण थांबता येतं का त्यांना? आमच्यात बँडमास्तरांची काठी खाली आली की थांबायचं. एक ठोका जास्त पडला की मैदानाला पाच फेऱ्या, ढोलासकट.”

“माझा एक टाका चुकला तर गिऱ्हाईक दुकानात उभं राहून बोलतं.”

“मग तू काय करतेस?”

“ऐकते, उसवते, परत शिवते.”

“अगं, मग झाली की फौज! आण ते पेन.”

“आणि निवडून आल्यावर मीच थांबले नाही तर?”

“त्याचीही सोय करतो.”

अर्जासोबत कारकुनाच्या हातात आणखी एक कागद आला. त्यानं गंभीरपणे पोच दिली.

‘महोदय, सभागृहात भाषण लांबल्यास थांबण्याची खूण करण्यासाठी ढोलवादकाचं पद तातडीनं निर्माण करावं, ही नम्र विनंती. अर्जदार अनुभवी असून ढोल स्वतःचा आणील.’