दिवस असताना

मोहनबाई : ...आणि हा घ्या मास्तरांचा चेंडू. आमच्या ओट्याच्या पायरीखाली माझ्या नेमीनं पोत्यात गुंडाळून ठेवला होता.

मंगला : अवो शेठाणीबाई! तुम्ही कातडाले हात लावा?

मोहनबाई : लावला. सासूबाईंनी पाहिलंही. नेमी होता तेव्हा हा उंबऱ्याजवळ नुसता दिसला तरी घर डोक्यावर घ्यायच्या. आज तोंड भिंतीकडे करून बसल्या.

मंगला : बसा ना. आठे, सावलीमा. पानी देऊ का?

मोहनबाई : द्या. अजून सूर्य आहे. मास्तर कुठं आहेत?

मंगला : शाळाना मैदानवर. खांब उपटाले गयात. म्हनतस, आते टोपलीना खेळ बंद. नेमीचंद गया तधळपाईन शिट्टीले हात नही लावा त्यासनी. पोरं येतस, दारशी उभं राहतस, निंघी जातस.

मोहनबाई : ती टोपली माझीच होती. मुगाची. नेमी मागून घेऊन गेला आणि तुमच्या मास्तरांनी तिचं बूड कापून ती खांबावर टांगली! मी म्हटलं, पुण्याला जाऊन हेच शिकले का? वाण्याच्या पोराला बिनबुडाच्या टोपलीत माल टाकायला शिकवतात!

मंगला : मास्तर बी हासनात तधळ. म्हने, शेठाणीबाईनं बरोबर शे.

मोहनबाई : रडतंय का लेकरू? उठू नका, मी देते झोका. ...मंगलाबाई, मी चेंडू द्यायला नाही आले. तो कुणाच्या हाती पाठवला असता. नेमी गेल्यापासून आज पहिल्यांदा घराबाहेर पाऊल टाकलं, ते तुम्हाला हात जोडायला.

मंगला : माले? कसाले?

मोहनबाई : चौमासाभर माझ्या लेकराला जेवू घातलंत म्हणून.

मंगला : जेवाले? आमनाकडे?

मोहनबाई : नाही का? चौमासा लागला तसा त्यानं महाराजांसमोर नेम घेतला. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, ते सकाळपर्यंत. मी म्हटलं, शाळा सुटल्यावर तू मैदानात, घरी येतोस तो दिवे लागल्यावर, मग जेवणार कधी? तर म्हणाला, आई, खेळ सुरू व्हायच्या आधी मंगलाकाकू वाढतात. दिवस असताना जेवून घेतो.

मंगला : ...हां. हां, जेवे ना. आठेच, वट्टावर बशीसन.

मोहनबाई : मला वाटलंच. शहाद्याचा डॉक्टर म्हणाला, शेठाणी, ताप एवढा मोठा नव्हता, पोराच्या अंगातच काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, असं कसं? दोन वेळा जेवणारा पोरगा! खोटं बोलतो डॉक्टर.

मंगला : त्यासले काय कळस, बाई.

मोहनबाई : काय वाढत होता त्याला? सांगा ना. घरी विचारलं तर नुसता हसायचा. मला ऐकायचं आहे.

मंगला : आमन्हं काय, गरिबनं जेवन. भाकर... अन् अंबाडीनी भाजी. त्याले आवडे अंबाडी. अजून मांगे.

मोहनबाई : अंबाडी.

मंगला : हां. लसून नही टाके मी, तुमनामा चालस नही म्हनीसन.

मोहनबाई : चौमासात आमच्यात हिरवा पाला खात नाहीत, मंगलाबाई. लहान पोरसुद्धा तोंडात घेत नाही.

मंगला : ...मंग डाळ व्हई. मन्हा ध्यानमा नही ऱ्हायनं. बाळ लहान शे ना, काय रांधं, काय वाढं...

मोहनबाई : मास्तर आले वाटतं.

(गिरधर मास्तर कुदळ खांद्यावर घेऊन येतात आणि चेंडू पाहून अंगणातच थांबतात.)

गिरधर : नमस्कार, मोहनबाई. तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? मीच येणार होतो. रोज निघतो आणि तुमच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून मागे फिरतो.

मोहनबाई : खांब उपटला?

गिरधर : नाही. निघाला नाही. त्याच पोरांनी खोल गाडलाय. नेमी खड्ड्यात उतरून दगड ठासत होता.

मोहनबाई : मास्तर, एक विचारते. खेळाच्या दिवसांत नेमी संध्याकाळी कुठं जेवायचा?

मंगला : अवो, तुम्ही पह्यले पाय धुई ल्या...

गिरधर : कुठं म्हणजे? घरी. नंदुरबारचा सामना जवळ आला होता, मी पोरांना अंधार पडेपर्यंत थांबवायचो. तोच सर्वांत शेवटी निघायचा. मी म्हणायचो, नेमी, भूक लागली असेल, जा रे. तर म्हणायचा, गुरुजी, आईनं तूप घालून खिचडी झाकून ठेवली असेल. अजून एकदा टाकू द्या. ...काय झालं? मंगला, तू का रडतेस?

मंगला : तो आठे जेवे, असं त्यानी घर सांगेल व्हतं.

गिरधर : इथं? इथं तर तो कधी... मोहनबाई, तुमच्यात रात्री...

मोहनबाई : नाही. पाणीसुद्धा नाही.

गिरधर : म्हणजे तो दुपारपासून... रोज? आणि मी त्याला पळवत होतो. पाय जड का पडतात म्हणून ओरडत होतो!

मोहनबाई : तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला घरी पाठवलं असतं. मला सांगितलं असतं तर मी मैदानातून ओढून आणलं असतं. नेमही मोडायचा नव्हता त्याला, आणि खेळही सोडायचा नव्हता. दोन्हीकडे गोड बोलला. वाण्याचा पोरगा होता, मास्तर.

गिरधर : उद्या टोपली तुमच्या घरी आणून देतो. हा खेळ माझ्या हातून आता होणार नाही.

मोहनबाई : बिनबुडाची टोपली घेऊन मी काय करू? माझ्या जावेचा किशनलाल घरी रोज भिंतीवर चेंडू मारतो. चिंध्यांचा. त्याला शिकवा. फक्त दिवस मावळायच्या आत शिट्टी वाजवा. दुसरं काही मागत नाही. आणि एकेकाला विचारू नका, जेवलास का म्हणून. पोरं हो म्हणतात. आईला विचारा.

गिरधर : ...वाजवीन.

मोहनबाई : निघते. ऊन ओट्यावरून उतरलं. लेकरू झोपलं बघा, मंगलाबाई. झोळीला आता धक्का लावू नका.

मंगला : शेठाणीबाई, मी खोटं बोलनू. माले...

मोहनबाई : अजून एकदा बोलावं लागेल. सासूबाईंना यातलं काही कळायला नको, त्यांनीच त्याला नेम घ्यायला लावला होता. त्या तुम्हाला बोलावून विचारतील, माझा नेमी काय खायचा? तेव्हा अंबाडी म्हणू नका. मुगाची डाळ म्हणा.

मंगला : सांगसू.

मोहनबाई : आणि वर तूप होतं म्हणा. तुपाशिवाय त्याला घास उतरत नव्हता.